रोज एक खण
(प्रस्तावना)

सोसायटीची सभा होते, विकासक ठरतो, करारावर सह्या होतात आणि मग एके सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर कागद लागतो : सर्व सभासदांनी अमुक तारखेपर्यंत आपापल्या सदनिका रिकाम्या करून किल्ल्या कार्यालयात जमा कराव्यात. विलेपार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवली, पुण्यातला कोथरूड-एरंडवण्याचा भाग, जिथे जिथे १९६० ते १९९० च्या दरम्यान तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, तिथे हे आता नेहमीचं झालं आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयापासून पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. तरीसुद्धा पहिल्या सभेपासून किल्ल्या देईपर्यंत काही वर्षं सहज जातात. त्या वर्षांत सभासद चटईक्षेत्रावरून भांडतात, पार्किंगवरून भांडतात, कॉर्पसचा आकडा दोनदा वाढवून घेतात. घरातल्या सामानाचं काय करायचं, हा विषय मात्र सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधीच नसतो.

मग नोटीस लागल्यावर दिवाणाचं झाकण वर होतं. आत चार गाद्या, मुंजीत आलेले टॉवेल, कुणाच्या तरी बाळंतपणातली दुपटी, एक बिघडलेला मिक्सर आणि त्याच्याशेजारी जपून ठेवलेलं त्याचंच गॅरंटी कार्ड. माळ्यावरून पितळी बंब खाली येतो. त्याच्या पोटात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या समया निघतात आणि ते वर्तमानपत्र नेमकं १९८३ च्या विश्वचषकाच्या दिवसांतलं असतं, म्हणून ते वाचण्यात अर्धा तास जातो. संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही आणि घराबाहेर गेलेली वस्तू एकच असते, तो मिक्सर. तोही वॉचमनने मागून नेला म्हणून.

शेवटच्या आठवड्यात धीर सुटतो. महिनाभर काहीच टाकवलेलं नसतं, ते शेवटच्या दोन दिवसांत हाताला लागेल ते टाकलं जातं. भंगारवाला म्हणेल तो भाव. अशा घाईत बिनकामाची दुपटी टेम्पोत चढतात आणि आजोबांची पदवी रद्दीत जाते. मी अशी घरं रिकामी होताना बरीच पाहिली आहेत, काहींत स्वतः हातभारही लावला आहे, आणि माझं मत असं झालं आहे की, या सगळ्यात चूक सामानाची नसते, तारखेची असते. पाच वर्षांत करायचं काम पाच दिवसांवर आलेलं असतं.

शिवाय हे सामान एकदा उचलून भागत नाही. आधी भाड्याच्या घरात न्यायचं, तिथे तीन-चार वर्षं भाडं भरून सांभाळायचं आणि मग नव्या घरात पुन्हा चढवायचं. नव्या बांधकामात माळा बहुधा नसतो. मोरीवरचा, संडासावरचा, पॅसेजमधला असे तीन-तीन माळे वापरलेल्या माणसाला हे किल्ली हातात आल्यावर कळतं.

हे पुस्तक या कामाविषयी आहे, पण नोटीस लागण्याच्या बरंच आधी, रोज थोडं थोडं करायच्या कामाविषयी. पुनर्विकास हे एक निमित्त झालं. दुसरी निमित्तंही आहेत. मुलगी न्यू जर्सीला, मुलगा बेंगळुरूला, आणि तीन बेडरूमच्या घरात दोघं सत्तरीतली माणसं. गुडघे म्हणतात लहान घर बरं, मन म्हणतं एवढं सामान कुठे न्यायचं. गावाकडचं घर बंद करायचं असतं, भाऊ चौघे, आणि माजघरातल्या पेटाऱ्याला हात लावायला कुणी तयार नाही. किंवा काहीच कारण नसतं, फक्त कपाट उघडलं की पिशवी अंगावर पडते. या सगळ्यांना मी एकच सांगते : रोज एक खण घ्या. खण म्हणजे कपाटाचा एक कप्पा, टेबलाचा एक ड्रॉवर, फ्रिजचं दार, शिवणाचा डबा. त्याहून मोठं काही नाही.

सामान साठवणाऱ्यांची टिंगल करायचा हल्ली एक धंदाच झाला आहे. त्यात मला सामील व्हायचं नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीने वस्तू धरून ठेवल्या, त्याला सज्जड कारणं होती. रेशनवर साखर मिळायची. गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, फोनसाठीही तेच, बजाजच्या स्कूटरसाठीही तेच. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाल्लेल्या माणसाला रिकामा डबा टाकवत नाही, याचं नवल वाटायला नको. वस्तू महाग होती आणि दुरुस्ती स्वस्त होती. छत्री दुरुस्त होई, स्टोव्ह दुरुस्त होई, चपलेला नवा अंगठा बसे. लुगडं विरलं की त्याची गोधडी, घाटावर वाकळ, गोधडी फाटली की बाळाची लंगोटं आणि शेवटी पोछा. त्या घरात पडून राहिलेली वस्तू खरोखरच कधीतरी लागत असे.

आणि घरातून बाहेर जायच्या वाटाही रुळलेल्या होत्या. दुपारी बोहारीण येई. जुन्या पॅंटी-साड्यांचा ढीग आणि स्टीलचं पातेलं यांच्यामध्ये बसून अर्धा तास घासाघीस चाले, आणखी एक शर्ट द्या म्हणजे झाकण देते, असं करत सौदा तुटे किंवा जुळे. रद्दीवाला तागडी घेऊन येई आणि त्याच्या तागडीवर घरातल्या प्रत्येकाचा संशय असे. फुटकं तांबं-पितळ मोडीत जाई, त्यात भर घालून नवं घेतलं जाई. वर्षातून एकदा दिवाळीच्या आधी सगळं घर अंगणात किंवा गॅलरीत यायचं, आणि लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू लागायचं. काही घरांत त्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला बाहेर घालवायची चाल होती. आता फाटकावर सुरक्षारक्षक बसले, बोहारणीला आत सोडत नाहीत. आत येण्याची वाट मात्र दिवसरात्र उघडी आहे. कुरिअरवाल्याला कुणी अडवत नाही. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट येतं, मिठाई प्लास्टिकच्या डब्यातून येते, तो डबा धुऊन ठेवला जातो, आणि वर्षभरात तशा डब्यांचा एक वेगळा खण तयार होतो. सवयी टंचाईच्या राहिल्या आणि बाजार सुबत्तेचा झाला, एवढंच घडलं आहे. यात स्वभावाचा दोष शोधत बसण्यात अर्थ नाही.

जागा मोठी झाली की प्रश्न सुटेल, हाही एक भाबडा समज आहे. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात दोन-तीन पिढ्या नांदल्या. तिथल्या बायकांना विचारा, एका फळीवर किती संसार मावतो ते. वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळीतून मोठ्या घरात गेलेली जी कुटुंबं मी जवळून पाहिली आहेत, त्यांच्याकडे जाताना सामान फार नव्हतं. सामान नंतर आलं, जागा दिसली म्हणून आलं.

आता थोडं भांड्यांविषयी, कारण मराठी घरातला सगळ्यात चिवट साठा तोच आहे. त्यातही नावं घातलेली भांडी. लग्नात आलेल्या पातेल्यावर, डब्यावर, ताटाच्या कडेवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख. पूर्वी भांड्याच्या दुकानाबाहेर बसलेला माणूस छोट्या छिन्नीने टकटक करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं पाडायचा, पुढे विजेवर चालणारी लेखणी आली आणि अक्षरं वळणदार झाली. एका घरात मला सारख्याच मापाची नऊ पातेली एकात एक बसवलेली मिळाली, नऊही वेगवेगळ्या नावांची, सगळ्यात वरच्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. काकूंना विचारलं, यातलं कुठलं द्यायचं? त्या एकेक पातेलं खिडकीपाशी नेऊन तिरपं धरून नाव वाचू लागल्या. हे आत्याबाईंचं. हे यांच्या ऑफिसातल्या साठ्यांचं, त्यांच्या मुलीच्या लग्नात आपण कुकर दिला होता. हे... अहो, हे पाटणकर कोण हो? काका पेपरातून वर न बघता म्हणाले, असतील कुणीतरी, असू दे.

त्या दुपारी एक साधा नियम हाती लागला आणि तो मी पुस्तकभर वापरला आहे. नाव वाचून नवरा-बायकोंपैकी एकालाही माणूस आठवत नसेल, तर ते भांडं आधी द्यावं. आत्याबाईंचं पातेलं ठेवावं, आणि ठेवलंच आहे तर माळ्यावर न ठेवता ओट्यावर आणावं, त्यात रोज दूध तापवावं. नऊतली तीन राहिली. पाटणकरांचं पातेलं कामाला येणाऱ्या मावशींकडे गेलं, त्यांच्याकडे आता रोज त्यात भात शिजतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो खरा आहे. साठ-सत्तरच्या दशकांत घरोघरी स्टील आलं तेव्हा लोकांनी किलोकिलोने तांबं-पितळ मोडीत घातलं. कल्हईची कटकट नको, चिंचेने घासणं नको. आज त्यांच्याच नाती तांब्याची बाटली आणि पितळेची कढई मॉलमधून चांगले पैसे मोजून आणतात. म्हणजे दिलेलं परत लागतंच की! लागतं कधीकधी. पण ज्या घरांनी ते पितळ पन्नास वर्षं माळ्यावर तसंच हिरवं पडू दिलं, त्यांनी तरी त्यात काय शिजवलं? कढई हवीच असेल तर एक ठेवा, कल्हई करून घ्या, आणि वापरा. घंगाळ, बंब, चार हंडे, दोन कळश्या खरंच लागतात का, याचं मात्र मनापासून उत्तर द्या. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत आजही ठोक्याचं काम चालतं. जुनं भांडं दुरुस्त करण्यासारखं आहे की मोडीत जाण्यासारखं, हे तिथला जाणता माणूस हातात घेऊन सांगतो.

वस्तू टाकवत नाही यामागे मनाची एक ठरलेली खोड आहे आणि ती सगळ्या जगाची आहे. डॅनिएल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि विचारलं, केवढ्याला विकाल? ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? मग तोच, पण तो हातात आलेल्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. मग मिळून फार वेळही झाला नव्हता. आपल्या दिवाणात तर तीस वर्षं झालेल्या वस्तू आहेत. म्हणून ‘ही वस्तू चांगली आहे का’ असा प्रश्न स्वतःला विचारू नये, उत्तर हो असंच येणार. ‘आज ही दुकानात दिसली तर मी विकत घेईन का’ असं विचारलं की उत्तर बदलतं.

घर आवरण्याच्या ज्या पद्धती गेल्या दहा-पंधरा वर्षांत गाजल्या, त्यांचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जपानच्या मारी कोंडो यांचं पुस्तक जगभर गेलं, २०१९ मध्ये त्यांची मालिका आली आणि आपल्याकडच्या मुलींनी टी-शर्टच्या उभ्या घड्या घालायला सुरुवात केली. वस्तू हातात घेऊन आनंद होतो का पाहायचं, होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा, हा त्यांचा मार्ग. आभार मानायचा भाग मला मनापासून आवडतो, दसऱ्याला अवजारांची पूजा करणाऱ्यांना तो परका वाटू नये. पण एकदाच, झपाट्याने, कपड्यांपासून सुरू करून क्रमाने सगळं घर, हे त्यांचं सांगणं एकट्यादुकट्याच्या घराला लागू पडतं. जिथे सासूबाईंची ट्रंक, दिरांची पुस्तकं, मुलाची क्रिकेटची बॅट आणि गावाहून आलेली तांदळाची गोणी एकाच खोलीत आहे, तिथे सगळा ढीग एकदम बाहेर काढला की पहिल्या तासात भांडण होतं. पुढे तिसरं मूल झाल्यावर आवराआवर आपणही बरीचशी सोडून दिली आहे, असं कोंडोबाईंनी २०२३ मध्ये मोकळेपणाने सांगितलं. मला त्या तेव्हापासून जास्त जवळच्या वाटतात.

स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन यांचं पुस्तक २०१७ चं. आपल्यामागे आपल्या मुलांना हा पसारा उपसावा लागू नये म्हणून आपणच, हातपाय चालतात तोवर, तो कमी करत जायचा. तिकडे या कामाला सरळ मरणाआधीची साफसफाई असं नाव आहे. आपल्याकडे हे नाव काढलं तर ‘शुभ बोल रे नाऱ्या’ ऐकावं लागेल. पण त्या म्हाताऱ्या बाईंचा एक सल्ला लाखमोलाचा आहे : मोठ्या वस्तूंपासून सुरू करा, फोटो आणि पत्रं शेवटी घ्या, कारण त्यात एकदा शिरलात की बाकीचं काम राहून जातं. बंबातल्या वर्तमानपत्राचा किस्सा वर आलाच आहे.

एका खणाला रोज पंधरा मिनिटंच द्यायची, ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या मार्ला सिली ‘फ्लायलेडी’ या नावाने १९९९ पासून गृहिणींना हेच सांगत आल्या : घड्याळ लावा, पंधरा मिनिटं काम करा, वाजलं की थांबा. रोज रात्री सिंक चकचकीत करण्यापासून त्यांची शिकवण सुरू होते. आपल्या बायकांना मोरी घासायला कुणी शिकवायला नको. मात्र ‘वाजलं की थांबा’ हे आपल्याला जड जातं. आपल्याकडे काम हातात घेतलं की तडीस नेण्याला मान आहे, कंबर मोडली तरी चालेल. इथे थांबणंच महत्त्वाचं आहे, कारण या कामात हात दमण्याआधी निर्णय दमतो. पहिल्या दहा वस्तूंना माणूस नीट न्याय देतो. तासाभराने तो एक तर सगळं ‘असू दे’ म्हणतो, नाही तर सगळं ‘जाऊ दे’ म्हणतो. दोन्ही निकाल चुकीचे. रोज थोडंच केलं तर प्रत्येक वस्तूला ताजी नजर मिळते, आणि एखादी चुकून दिली गेली तरी ती एकच असते.

हळू जाण्याचं दुसरं कारण कागद. घरातल्या कागदांच्या पिशव्या म्हणजे पातेल्यांपेक्षा धोक्याचा माल. विजेच्या बिलांच्या चळतीत आजोबांनी घेतलेल्या शेअरची कागदी सर्टिफिकेटं निघतात. असे शेअर १ एप्रिल २०१९ पासून डीमॅट केल्याशिवाय विकता येत नाहीत, आणि सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत गेलेले असू शकतात. तिथून ते अर्ज करून परत मिळतात, पण त्यासाठी तो जुना कागद, जुना पत्ता, फोलिओ नंबर लागतो. नेमकी तीच पिशवी शेवटच्या दिवशी रद्दीत जाते. साड्यांच्या घडीत आणि तांदळाच्या डब्यात जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा अजूनही निघतात. आठवणीसाठी एक-दोन ठेवायला हरकत नाही, दहापेक्षा जास्त बाळगणं मात्र २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे घरातल्या आजींना समजावून सांगावं. खरेदीखत, सोसायटीचं भागपत्र, मृत्यूचे दाखले, विम्याच्या पॉलिसी यांची एक फाईल आणि ती कुठे आहे हे किमान दोघांना ठाऊक. बाकीच्या कागदांवर एक आख्खं प्रकरण पुढे आहे, ते कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात उपयोगी आहे.

मोडी लिपीतले कागद निघाले तर ते कुणालाही विचारल्याशिवाय टाकू नयेत. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव फिरले आणि घराघरांतल्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उभे राहिले, पहिला १८९८ चा. त्यांच्याच पुढाकाराने १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. आपल्याकडचा कागद बहुतेक वेळा एखाद्या सावकाराचा साधा हिशेब असतो, पण तो जाणकाराला दाखवावा आणि मग ठरवावं.

राजवाड्यांचं नाव घेतलं की साठवणाऱ्यांना जोर येतो, हे मला माहीत आहे. तसंच दुसरं नाव म्हणजे दिनकर केळकर. त्यांनी जुन्या वाड्यांतून अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, फण्या, कुणी फेकून दिलं असतं असं काय काय गोळा केलं, आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय केलं आणि १९७५ मध्ये ते राज्य सरकारला देऊन टाकलं. मग आम्ही आमचा अडकित्ता का टाकावा? टाकू नका. पण केळकर संग्रहालयात एकदा जाऊन या. तिथे सुमारे वीस हजार वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत त्या अडीच हजारांच्या आसपास. एवढ्या मोठ्या संग्रहालयालासुद्धा आठातली एकच वस्तू दाखवता येते, आणि जी दाखवतात तिच्यावर दिवा असतो, खाली माहिती असते. तुमच्या घरातला अडकित्ता ट्रंकेच्या तळाशी फडक्यात असेल आणि तो कुणाचा होता हे नातवाला ठाऊक नसेल, तर तुम्ही तो सांभाळलेला नाही, नुसता ठेवलेला आहे. तो भिंतीवर लावा, नातवाला त्याने सुपारी कातरून दाखवा.

माणसांविषयी दोनच गोष्टी. पहिली, दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही. नवऱ्याच्या स्क्रूच्या बरण्या, सासूबाईंच्या वाती-वस्त्रांचा डबा, मुलाची कॉमिक्स, हे सगळं डोळ्यांत खुपत असलं तरी आपला खण आधी. आपला खण मोकळा झालेला दिसला की महिन्या-दोन महिन्यांत समोरचा आपणहून एखादी बरणी पुढे सरकवतो, निदान बहुतेक घरांत. दुसरी, परदेशातल्या मुलांसाठी म्हणून काही राखून ठेवण्याआधी त्यांना विचारा. फोनवर वस्तू दाखवा आणि हो-नाही घ्या. विमानात तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात चकलीची भाजणी आणि मेतकूट आधीच बसलेलं असतं. शिसवी कपाट जाणार नाही. एका मुलीने आईच्या सगळ्या संसारातून काय मागितलं, तर पुरणयंत्र आणि आईच्या अक्षरातली पाककृतींची वही. आई दुखावली होती, तिने मुलीसाठी डिनरसेट जपला होता. पण हे आई असताना कळलं हे बरंच झालं.

देव्हाऱ्याचा प्रश्न याहून नाजूक. पंचायतन कुणाकडे जायचं हे भावंडांनी बसून ठरवावं, त्यात बाहेरच्याने बोलू नये. भेट म्हणून आलेल्या देवांच्या तसबिरी मात्र रात्री गुपचूप पिंपळाखाली ठेवून येणं थांबायला हवं. काच वेगळी, चौकट वेगळी, कागद वेगळा करून नमस्कार करावा आणि ज्याचं त्याला द्यावं. देव रागावत नाही, पिंपळाखाली फुटलेल्या काचेने कुत्र्यांचे पाय कापतात.

बाहेर जायच्या नव्या वाटांची माहिती प्रत्येक शहरात वेगळी, म्हणून मी याद्या दिल्या नाहीत. एवढं लक्षात असू द्या की, खण रिकामा झाला म्हणजे काम झालं असं नसतं. पिशवी उंबऱ्याबाहेर गेली म्हणजे झालं. दाराशी भरून ठेवलेली पिशवी आठवडाभर राहिली तर वस्तू एकेक करून परत आत येतात. पुण्यात कचरावेचकांच्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या १९९३ च्या संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली, तिचे लोक दारी येतात. ओलं-सुकं वेगळं करावं, फुटकी काच कागदात गुंडाळून वर लाल खूण करून द्यावी, कारण ती पुढे कुणाच्या तरी बोटांनी निवडली जाणार आहे. जुने मोबाइल, चार्जर, रिमोट, बंद पडलेला संगणक भंगारात न देता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्यावा, आतल्या तांब्यासाठी तो उघड्यावर जाळला जाऊ नये म्हणून. ग्रंथालयाला पुस्तकं न्यायच्या आधी फोन करावा. वाळवी लागलेले दिवाळी अंक कुणालाच नको असतात, आणि फाटके कपडे आश्रमाला देऊ नयेत. तुम्ही स्वतः घालणार नाही ते दुसऱ्याला देणं हे दान धरू नये.

या पुस्तकाची रचना घराच्या नकाशाप्रमाणे आहे. सुरुवात स्वयंपाकघरापासून, कारण तिथे आठवणी कमी आणि झाकण हरवलेले डबे जास्त. शेवट फोटो आणि पत्रांनी. मधली प्रकरणं मागेपुढे वाचली तरी चालतील. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पंधरा मिनिटांत होतील अशी कामं दिली आहेत. एका दिवशी दोन करू नका. एखादा दिवस, आठवडा, गणपतीचे दहा दिवस राहून गेले तरी मागची भरपाई करायला जाऊ नका, जिथे थांबला होतात तो खण उघडा.

ज्यांच्या इमारतीचा करार झालेला आहे त्यांनी ही क्रमवारी बाजूला ठेवून आधी कागदांचं प्रकरण घ्यावं आणि मग थेट माळ्याचं. माळ्यावर चढायला घरातल्या तरुण माणसाला सांगावं. सत्तरीतल्या माणसांनी स्टुलावर चढू नये, खाली खुर्चीत बसून काय ठेवायचं ते सांगावं.

(लेखिका)